फॅट किती लागली?

इसाल्मीच्या दुकानात, थंड फळीसमोर,
मी पर्समधून भिंग काढते.
डॉक्टरीणबाईंनी पित्ताशयाचं चित्र दाखवलं, खडे मोजले,
म्हणाल्या, राइलीबाई, दिवसाला चाळीस ग्रॅम.
चाळीस ग्रॅम काय, हे मी विचारलं नाही.
फॅट मला कुणी समजावून सांगायची नाही.

एकोणीस वर्षं मी गोठ्यागोठ्यातून हिंडले,
उन्हाळ्यात सायकलला पेटी बांधून,
हिवाळ्यात पायाने रेटायच्या घसरगाडीवर.
पेटीत काचेच्या नळ्या, आम्लाची बाटली.
एप्रनला भोकं, त्या भोकांखाली स्कर्टला भोकं.
दूध, आम्ल, बूच, मग यंत्रात गरगर,
मग गरम पाण्यात धरायची नळी,
आणि अरुंद काचेत एक पिवळी दांडी
हळूहळू उभी राहायची.
मालक, मालकीण, दोन पोरं, एक कुत्रा,
सगळ्यांचा श्वास अडकलेला.
किती लागली?

चार पूर्णांक आठ म्हटलं, की कॉफीबरोबर केक.
तीन पूर्णांक दोन म्हटलं, की नुसती कॉफी,
आणि निजायला उत्तरेकडची खोली.
कोर्टेलाइनेनच्या हेलुनाला एकदा
पाच पूर्णांक सहा लागली.
मी नळी पुसून पुन्हा वाचली.
म्हाताऱ्याने गाईच्या कपाळाचा मुका घेतला,
माझा हात हातात धरून हलवत राहिला,
धार काढणाऱ्या बायकोकडे बघायचं तेवढं राहिलं.

आता उलटं वाचायचं.
सगळ्यात कमी तो पहिला नंबर.

बदामाचं: एक पूर्णांक एक.
बदाम शेजारून गेला असावा.
नारळाचं, डब्यातलं: सतरा.
सतरा! हेलुना, ऐकतेस का?
तांदळाचं कमी, पण जिभेवर साखर सोडून जातं.
सोयाचं: एक पूर्णांक आठ, प्रथिनं भरपूर,
कष्टाळू सुनेसारखं, फक्त कॉफीत पडलं की फाटतं.
ते सूपसाठी घेते.

मग ओटचं. त्यातही दोन खोकी.
एकावर तीन टक्के. का?
दुकानातला आत्तू, कानात बाळी, गालावर अजून लव,
म्हणतो, तेल घालतात आजी, फेस छान येतो.
मी त्याच्याकडे बघते.
आमच्या वेळी दुधात काही घालणारा सापडला
तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नसे,
आणि पकडणारी मी असायचे.
आता ते खोक्यावरच छापतात, सुंदर अक्षरात.
आत्तू हसतो. मलाही हसू येतं,
बरगडीखाली लगेच टोचतं.

दुसऱ्या खोक्यावर: शून्य पूर्णांक पाच.
ओट, पाणी, मीठ.

ओट!
कोर्टेलाइनेनच्या रानात उभा असायचा तोच,
पावसाने आडवा पडायचा तोच,
हेलुनाच्या गव्हाणीत भरडून पडायचा तोच.
इतकी वर्षं तो तिच्यातून जाऊन
पिवळा होऊन माझ्या नळीत चढत होता.
आता तिला चुकवून
तो थेट माझ्या कपात येतो,
फिकट, जरासा पेंढ्याच्या वासाचा.
वाईट नाही.
चांगलं आहे असंही मी म्हणणार नाही.

घरी आल्यावर थोडं काचेच्या पेल्यात ओतते,
खिडकीशी धरते, तिरकं.
सवय आहे, दुसरं काही नाही.
बाहेर चार वाजताच अंधार.
पेल्यात काहीच वर चढत नाही.

जुन्या वहीतली कोरी पानं वापरते.
रकाने आखलेलेच आहेत: तारीख, गाईचं नाव, फॅट.
गाईच्या नावाखाली लिहिते, राइली.
शून्य पूर्णांक पाच.
आणि कॉफीबरोबर केक कापते, पातळ,
पलीकडचं दिसेल इतका.
त्याचे चार ग्रॅम धरलेत.